फैजपूरचा बांबू आणि जळगावची दालने

जळगाव म्हणजे अजिंठ्याला जाण्यासाठी उतरावयाचे स्टेशन, एवढीच या शहराची ओळख प्रवासाच्या अनेक पुस्तकांनी करून दिली आहे. दूरचा पाहुणा गाडीतून उतरतो, मोटार ठरवतो आणि साठेक किलोमीटरवरच्या लेण्यांकडे निघून जातो. त्याला दोष देण्याचे कारण नाही; त्याच्यापाशी एकच दिवस असतो. आश्चर्य वाटते ते आपले. ज्यांच्यापाशी सारे आयुष्य आहे असे आपण स्थानिक लोकही आपल्या शहरातील संग्रहालये आणि प्रदर्शने पाहुण्यासारखीच पाहतो. मुंबईचे किंवा वसईचे नातलग आले की त्यांच्याबरोबर एकदा जाऊन येतो आणि पुढचे नातलग येईपर्यंत तिकडे फिरकत नाही.

आम्ही पिंप्राळ्याचे. पिंप्राळा आता जळगाव महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. जुन्या गावाला नव्या वसाहती येऊन चिकटल्या आहेत. पण मधे रेल्वेचे रूळ आहेत, आणि रूळ ओलांडताना आपण ‘शहरात’ जातो ही जाणीव अजून पुरती मावळलेली नाही. या थोड्या अंतराचा एक फायदा आहे. शहर आपले म्हणून आपुलकीने पाहता येते आणि जरा दुरून म्हणून चिकित्सेनेही पाहता येते. त्या दोन्ही नजरांनी येथील दालनांचा आणि उत्सवांचा विचार करावा, असा या लेखाचा हेतू आहे.

चिकित्सा करावयाची तर आधी मापदंड हवा. मोठ्या शहरांतील संग्रहालयांची मापे आम्ही येथे लावणार नाही. सुदैवाने या जिल्ह्यापाशी स्वतःचाच एक मापदंड आहे आणि तो १९३६ सालचा आहे.

त्या वर्षीच्या डिसेंबरात यावल तालुक्यातील फैजपूर येथे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. अध्यक्ष होते पंडित जवाहरलाल नेहरू. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते अंगावर घेतले. साने गुरुजी त्यासाठी गावोगाव हिंडले. हा इतिहास आपल्याकडील शाळेतील मुलांनाही ठाऊक असतो. पण त्या अधिवेशनाला जोडून खादी आणि ग्रामोद्योगांचे एक प्रदर्शन भरले होते आणि त्याचे उद्घाटन २५ डिसेंबर रोजी, म्हणजे नाताळच्या दिवशी, खुद्द गांधीजींनी केले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

नगरी उभारण्याचे काम गांधीजींनी शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांच्यावर सोपवले होते. म्हात्रे हे वास्तुविशारद त्यांच्या साह्याला होते. अट एकच होती: जवळपास जे मिळते त्यातूनच सारे उभे राहिले पाहिजे आणि ते गावच्या कारागिरांच्या हातून झाले पाहिजे. त्याप्रमाणे बांबू, गवत आणि चटया यांतून प्रवेशद्वारे, मंडप आणि दालने उभी राहिली. अध्यक्षांच्या मिरवणुकीसाठी बैलांनी ओढावयाचा रथ सजवला गेला. येथे एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. हेच नंदलाल बोस १९१० च्या सुमारास, ऐन तरुणपणी, लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर अजिंठ्यातील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी या मुलखात आले होते. राजाश्रयाची आणि भिक्षुसंघांची कला त्यांनी येथे डोळ्यांत साठवली होती. पाव शतकानंतर शेतकऱ्याच्या बांबूतून काय उभे करता येते हेही त्यांनी येथेच दाखवले.

गांधीजींची प्रदर्शनाविषयीची कल्पना अगदी सरळ होती. प्रदर्शन ही करमणुकीची जागा नव्हे, ती शाळा आहे. खेडुताने तेथून आपल्या धंद्यात उपयोगी पडेल असे काही घेऊन जावे आणि शहरातल्या माणसाने खेड्याविषयी काही शिकून जावे. अधिवेशन संपले, नगरी उतरवली गेली. पण मागे तीन प्रश्न राहिले, आणि कोणत्याही दालनात पाऊल टाकताना ते विचारता येतात. हे कशातून उभे केले आहे? हे कोणाच्या हातांनी घडले आहे? आणि पाहणारा घरी परतताना काय घेऊन जातो?

हे प्रश्न प्रथम विचारावेत असे ठिकाण अर्थातच शिरसोली रस्त्यावरील जैन हिल्सवरचे गांधीतीर्थ. उद्योगपती भवरलाल जैन (१९३७-२०१६) यांनी स्थापन केलेल्या गांधी रिसर्च फाउंडेशनचे हे संग्रहालय २५ मार्च २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते खुले झाले. राष्ट्रपती जळगावच्या, संस्थापक जामनेर तालुक्यातील वाकोदचे. तेव्हा हे घरचेच कार्य होते. ‘खोज गांधीजी की’ या नावाने सुमारे तीस विभागांत गांधीजींचे जीवन तेथे उलगडत जाते. चित्रे, शिल्पे, ध्वनी, प्रकाश, चलत्‌चित्रे आणि बोट लावताच बोलू लागणारे पडदे अशी सारी आधुनिक साधने वापरली आहेत.

या मांडणीची थोरवी प्रथम मान्य केली पाहिजे. गांधीजींचे संग्रहालय करणे हे मुळात अवघड काम आहे. राजाचे संग्रहालय करणे सोपे. त्याची तलवार, त्याचा अंगरखा, त्याचे सिंहासन मांडले की दालन भरते. ज्या माणसाने मागे चष्मा, चपला, घड्याळ आणि पंचा एवढेच ठेवले त्याचे दालन कशाने भरावयाचे? त्याचे आयुष्य वस्तूंत नव्हते, ते चालण्यात, उपवासांत आणि पत्रांत होते. म्हणून येथे वस्तूंपेक्षा कथेवर भर दिला आहे आणि तो योग्यच आहे. सातवी-आठवीतील मुले एरवी ज्या विषयाला कंटाळतात तोच विषय येथे तासभर उभ्याने पाहतात, हे यश लहान नव्हे. शिवाय दालनांच्या पाठीशी ग्रंथालय आणि कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे, आणि ‘गांधी विचार संस्कार परीक्षा’ या उपक्रमातून संस्था शाळांपर्यंत जाते. म्हणजे तिसऱ्या प्रश्नाचे, घरी काय घेऊन जावयाचे या प्रश्नाचे, उत्तर देण्याचा प्रामाणिक प्रयत्न तेथे आहे.

पहिल्या प्रश्नापाशी मात्र मन थोडे अडखळते. ही इमारत जोधपुरी दगडाची आहे. देखणी आहे, शांत आहे. पण फैजपूरला ज्या माणसाने ‘जवळचेच वापरा’ असे सांगितले, त्याच्या स्मारकासाठी दगड राजस्थानातून आला. यावर कोणी म्हणेल की बांबूचा मंडप चार दिवसांचा असतो आणि जुने कागद खानदेशच्या उन्हाळ्यात जपावयाचे तर भक्कम भिंती हव्यात. हे उत्तर आम्हांस पटते. जतन करावयाचे तर टिकाऊपणा लागतो आणि टिकाऊपणाला किंमत पडते. तरीही विरोध उरतोच, आणि तो लपवण्यापेक्षा मुलांना दाखवून द्यावा असे आम्हांस वाटते. आपण एखाद्या साध्या माणसाचा गौरव करू लागलो की आपला गौरव साधा राहत नाही. आपल्या देवळांच्या आणि सणांच्या खर्चाच्या बाबतीत हाच प्रश्न आपल्याही दारात उभा असतो.

दुसरी उणीव साधनांच्या स्वभावातून आलेली आहे. बोलणारा पडदा प्रेक्षकाला गप्प करतो. कथा इतकी गुळगुळीत सांगितली जाते की प्रश्न विचारण्यास फट राहत नाही. गांधीजींचे आयुष्य तर शंकांनी, माघारींनी आणि जवळच्यांशी झालेल्या मतभेदांनी भरलेले आहे. एखाद्या मूळ पत्रापुढे, त्यातील खाडाखोडीपुढे, माणूस थबकतो. पडद्यापुढे तो पुढच्या चित्राची वाट पाहतो. शिवाय राष्ट्राची कथा सांगताना जिल्ह्याची कथा एका पानाएवढीच उरते, हाही मोठ्या संग्रहालयांचा स्वभाव असतो. म्हणून जळगावकराने तेथे जाताना फैजपूर आपल्याबरोबर न्यावे आणि पोरबंदरपासून राजघाटापर्यंतच्या त्या वाटेवर ते स्वतः मुलांना सांगावे.

गांधीतीर्थातील सर्वांत बोलके प्रदर्शन भिंतींच्या बाहेर आहे असे आमचे मत झाले आहे. एके काळी उजाड असलेली ती टेकडी पाणी अडवून, जिरवून आणि झाडे लावून हिरवी केलेली आहे. केळी आणि कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यातील माणसाला त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तो बांध पाहतो, उतार पाहतो, आणि आपल्या शेताचा विचार करत उतरतो. फैजपूरच्या प्रदर्शनाला अभिप्रेत असलेला प्रेक्षक तो हाच.

टेकडीवरून उतरून जुन्या जळगावात यावे. तेथील चौधरी वाड्यात, बहिणाबाई चौधरी जेथे नांदल्या त्या घरात, त्यांच्या स्मृती जतन केल्या आहेत. २४ ऑगस्ट १८८० रोजी आसोद्याला जन्मलेली, अक्षरओळख नसलेली, तरुणपणीच वैधव्य आलेली ही शेतकरीण ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावात वारली. तिच्या संसारातील आणि शेतीतील साध्या वस्तू हेच येथील धन. गांधीतीर्थाच्या भव्यतेनंतर हे घर प्रथम अगदी लहान वाटते. मग लक्षात येते की आपल्या तीन प्रश्नांपैकी पहिल्या दोन प्रश्नांना येथे पूर्ण गुण द्यावे लागतात. सारे येथलेच आहे, आणि वापरून झिजलेले आहे.

तथापि या घराची अडचण गांधीतीर्थाच्या नेमकी उलटी आहे. तेथे कथा भरपूर आणि वस्तू थोड्या. येथे वस्तू आहेत, पण त्या मुक्या आहेत. बहिणाबाईंची गाणी जात्यावर, शेतात, चुलीपुढे झाली. हात कामात गुंतलेला असताना ती ओठांवर आली. काम थांबवून जाते मांडून ठेवले की त्यातून गाणे निघत नाही. ज्या मुलीने आयुष्यात कधी दळले नाही तिला ते जाते म्हणजे दगडाच्या दोन चकत्या. वर्षातून काही ठरावीक दिवशी आसपासच्या गावांतील वृद्ध स्त्रियांनी अशा घरात येऊन खरोखर दळावे आणि दळता दळता लेवा गणबोलीत, अहिराणीत आपल्या ओव्या म्हणाव्यात, आणि मुलींनी खुंटा धरून पाहावा, अशी आमची सूचना आहे. त्याला पडदे लागत नाहीत आणि खर्चही फारसा येत नाही.

ही सूचना आम्ही हौसेपोटी करत नाही. बहिणाबाईंची गाणी कशी वाचली हे आठवून पाहावे. तिचे पुत्र, कवी सोपानदेव, आणि सोपानदेवांचे एक मावसभाऊ यांनी ती ऐकता ऐकता वहीत उतरवून ठेवली होती. तिच्या मृत्यूनंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह निघाला. आज उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला तिचे नाव आहे. २०१८ साली ते दिले गेले. घरातल्या कोणीतरी हाती पेन्सिल घेतली म्हणून हे घडले. ज्या घरांत कोणी ती घेतली नाही त्या घरांतील गाणी त्या त्या आजीबरोबर मातीत गेली, आणि त्यांचे संग्रहालय आता कोणालाच काढता येणार नाही.

कागद जपणे म्हणजे काय हे पाहावयाचे तर एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्यापर्यंत गेले पाहिजे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी आयुष्यभर पायपीट करून वाड्यांच्या माळ्यांवरून, फडताळांतून जुनी दप्तरे गोळा केली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने तेथे संशोधन मंडळ स्थापन झाले. ‘संशोधक’ हे त्याचे त्रैमासिक. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांच्या परिश्रमांतून उभे राहिलेले समर्थ वाग्देवता मंदिर आहे. समर्थ रामदासांच्या हस्ताक्षरातील म्हणून जपलेले वाल्मीकी रामायण आणि रामदासी संप्रदायाची हस्तलिखिते तेथे आहेत. या ठिकाणी दिव्यांची रोषणाई नाही. वरवर फिरणाऱ्या पाहुण्याला तेथे दहा मिनिटेही काढणे जड जाईल. पण आपला वंश, आपले गाव, आपली जमीन यांविषयी एखादा प्रश्न घेऊन जाणाऱ्या माणसाला अशा जागी दिवस पुरत नाही. संग्रहालयाची योग्यता त्याच्या झगमगाटावरून ठरवू पाहणाऱ्याने धुळ्याला एकदा जाऊन यावे.

दालने सोडून आता समारंभांकडे वळू. १९०७ साली जळगावला महाराष्ट्र कविसंमेलन भरले होते. अध्यक्ष होते डॉ. कीर्तिकर. तेथे धरणगावच्या सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाने आपली कविता म्हटली आणि ‘बालकवी’ हे नाव घेऊन तो घरी परतला. आमच्या वाचकांना या घटनेत एक वेगळा जिव्हाळा वाटावा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी या मुलाला जवळ केले आणि अहमदनगरच्या आपल्या घरी पोटच्या मुलासारखे ठेवून घेतले. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त त्या ठोमऱ्याची मूर्ती आजही हसते-रुसते. टिळक आपल्या पंथाचे नव्हते, ते प्रॉटेस्टंट होते; पण ख्रिस्ती माणूस मराठी साहित्याच्या अंगणात पाहुणा नसून घरचा आहे, हे ज्यांनी सिद्ध केले त्यांत ते अग्रणी होते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या, म्हणजे आताच्या धाराशिवच्या, ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, त्या वाटेचा एक जुना टप्पा असा आपल्या जळगावात आहे. बालकवी पुढे ५ मे १९१८ रोजी भादलीजवळ रेल्वेखाली सापडून गेले. भादली येथून हाकेच्या अंतरावर. गाडीतून जाताना आपल्यापैकी किती जण खिडकीबाहेर पाहतात?

त्यानंतर मोठी संमेलनेही या भागात झाली. जळगावला १९३६ साली माधव जूलियन आणि १९८४ साली शंकरराव खरात अध्यक्ष होते. धुळ्याला १९४४ साली मामा वरेरकर. अमळनेरला २०२४ साली ९७ वे संमेलन झाले. प्रत्येक वेळी मांडव पडला, पुस्तके विकली गेली, जेवणावळी झाल्या. पण समारंभाची खरी परीक्षा मांडव उतरल्यावर होते. १९०७ च्या त्या लहानशा संमेलनाने एका मुलाला एक घर मिळवून दिले. एवढे साधले तरी कोणताही समारंभ सार्थकी लागला असे आम्ही म्हणू.

शेवटी आमच्या पिंप्राळ्याकडे येतो. येथे संग्रहालय नाही. पण आषाढी एकादशीला विठ्ठलाचा रथ निघतो, आणि ज्यांना पंढरपूर गाठता आले नाही असे हजारो लोक त्या दिवशी रूळ ओलांडून इकडे येतात. एरवी शहराकडे जाणारी वाट त्या एका दिवशी उलटी वाहते. जळगावचा श्रीरामाचा रथ कार्तिकी एकादशीचा. अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केलेला. हा रथ भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या समाधीपाशी थांबतो, तेथे मान दिला जातो, आणि मगच पुढे जातो. दोन धर्मांच्या शेजाराविषयी एखाद्या दालनात परिचयपट्टी लावावी त्यापेक्षा हे थांबणे अधिक सांगते.

आमचे लक्ष मात्र दरवेळी चाकांकडे जाते. एवढ्या अवजड लाकडी रथाला सुकाणू नाही. तो वळवावयाचा, आवरावयाचा तर चाकाखाली मोगरी लावावी लागते. रथ चालू असताना वाकून, नेमक्या क्षणी, नेमक्या कोनात ती सरकवणारी माणसे असतात. ही विद्या पुस्तकात नाही. ती मोठ्यांच्या हाताखाली राहून शिकावी लागते. मोगरी काचपेटीत ठेवली तर तो लाकडाचा एक ओंडका होईल. ती विद्या हातातून हातात जात राहिली तरच रथ पुढच्या वर्षी निघेल. सणाच्या मिरवणुकीत मातेची मूर्ती खांद्यावर घेऊन चालणाऱ्या आपल्या तरुणांना हे वेगळे सांगावयास नको. वळणावर कोणी किती झुकावयाचे, हे त्यांनीही असेच कोणाच्या तरी शेजारी चालून शिकून घेतलेले असते.

या साऱ्यातून आमचे म्हणणे असे निघते की शहराला दोन्ही प्रकारचे जतन हवे. कागद, पत्रे, हस्तलिखिते यांना भिंती हव्यात, दगडी असल्या तरी हरकत नाही. त्यासाठी गांधीतीर्थाचे आणि धुळ्याच्या मंडळाचे ऋण मानले पाहिजे. पण ओवी, मोगरी, बांबूचे काम यांना भिंतींपेक्षा शिकणारे हात अधिक हवेत, आणि ते हात फक्त स्थानिकांपाशीच असू शकतात. पाहुणा पाहून जातो. शिकण्यासाठी पुनःपुन्हा यावे लागते, आणि ते आपल्यालाच शक्य आहे.

म्हणून वाचक कुटुंबांपुढे तीन लहान गोष्टी ठेवतो. पहिली, येत्या सुटीत नातलगांची वाट न पाहता आपल्याच मुलांना घेऊन बहिणाबाईंच्या घरी जावे आणि बरोबर आजीलाही न्यावे. तेथील वस्तूंची नावे आणि उपयोग तिने सांगावेत, परिचयपट्टी नंतर वाचावी. दुसरी, घरी आल्यावर त्या आजीला येत असलेली गाणी, ओव्या, प्रार्थना, म्हणी, तिच्याच बोलीत, एका वहीत उतरवून घ्याव्यात. तिची भाषा ‘शुद्ध’ करू नये. तिसरी गोष्ट आपल्या धर्मग्रामांसाठी. जुन्या नोंदवह्या, सणांची छायाचित्रे, हाताने लिहिलेली गीतांची पुस्तके कोठे आणि कोणत्या स्थितीत आहेत याची यादी करावी, वाळवीपासून त्यांचे रक्षण करावे, आणि वर्षातून एकदा, सणाच्या दिवशी, ती सर्वांपुढे टेबलांवर मांडावीत. मांडव गावातल्याच बांबूंचा असावा आणि तो मुलांनी बांधावा. फैजपूरला यापेक्षा निराळे काही झाले नव्हते.